हवेचा पिवळा दिवा विझत नाही? आधी गेज, मग साबण, सेन्सर सगळ्यात शेवटी

थंडी सुरू झाली की साताऱ्यातल्या टायरच्या दुकानांत एक ठरलेलं गिऱ्हाईक सकाळी सकाळी हजर होतं. गाडी नवी, टायर नवे, कुठे खिळा दिसत नाही आणि डॅशबोर्डवर टायरात हवा कमी असल्याचा पिवळा दिवा पेटलेला: घोड्याच्या नालेसारखी आकृती, मध्ये उद्गारचिन्ह. "परवाच हवा मारली ओ, परत लागला." दुकानवाला हवेचा दाब मोजायचा गेज लावतो, पाच-सहा पौंड कमी निघतात, भरून देतो. आठ दिवसांनी तोच दिवा, तेच गिऱ्हाईक. मग कुणीतरी सांगतं, चाकातला दाब मोजणारा सेन्सर गेलाय. चार सेन्सरचं एस्टिमेट हातात पडतं आणि माणूस दिव्यावर चिकटपट्टी लावायच्या विचाराला येतो.

सेन्सर जातात, नाही असं नाही. पण दोन-तीन वर्षांच्या गाडीत तो शेवटचा संशयित. आधी दाब नीट मोजायचा, मग गळती शोधायची, मग रिसेट, आणि एवढं होऊनही दिवा राहिला तरच सेन्सर. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि खिळा टायरातच राहतो.

दिवा कसा पेटतो ते आधी बघा

गाडी चालू करताना दोन-तीन सेकंद सगळेच दिवे लागतात, त्यात हाही लागून विझतो. ती नुसती तपासणी आहे, सोडून द्या. त्यानंतरही तो सरळ पेटून राहिला तर एखाद्या तरी चाकात हवा कमी आहे असं गाडीचं म्हणणं आहे. पण तो आधी मिनिट-दीड मिनिट लुकलुकला आणि मगच स्थिर झाला, तर यंत्रणेतच बिघाड आहे: सेन्सर बोलत नाही, किंवा सेन्सर नसलेलं चाक बसवलंय. टायरवाल्याकडे गेल्यावर या दोन्हीतलं नेमकं काय होतं ते सांगता आलं तर त्याचं अर्धं काम होतं. म्हणून उद्या सकाळी चावी फिरवताना मोबाईल खिशात ठेवा आणि दिव्याकडे बघा.

हा दिवा लवकर लागत नाही, उशिरा लागतो. बहुतेक गाड्यांत ठरलेल्या दाबापेक्षा पाचवा ते पाव हिस्सा हवा उतरली की मगच तो जागा होतो. म्हणजे ३३ पीएसआय (आपण ज्याला पौंड म्हणतो तेच) हवी असेल तर २५-२६ च्या आसपास. म्हणून "लागलाय, बघू रविवारी" असं करू नये.

हायवेवर, विशेषतः खंबाटकीसारख्या घाटात लागला तर वळणावर थांबायची घाई नको. स्टिअरिंग एका बाजूला ओढत नसेल, चाकाखालून धप-धप आवाज येत नसेल, तर वेग साठच्या खाली आणून पुढच्या पंपापर्यंत किंवा मोकळ्या जागेपर्यंत जा. ओढत असेल, आवाज येत असेल, तर जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे लगेच बाजूला. बसलेल्या टायरवर किलोमीटरभर गाडी रेटली तरी रिम टायरची भिंत आतून कुरतडते. मग थोडक्या पैशांत सुटणाऱ्या पंक्चरपायी अख्खा टायर जातो. अशा टायरची खूण सोपी: रिमवरून उतरवला की आत रबराची काळी भुकटी पडलेली दिसते. तो टायर परत बसवू देऊ नका, बाहेरून कितीही चांगला दिसला तरी.

हवा किती हवी, हे कुणाला विचारायचं?

पंपावरच्या पोराला नको. तो सवयीने "पस्तीस टाकू का?" विचारतो आणि आपण सवयीने मान हलवतो. ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या मधल्या खांबावर एक स्टिकर आहे, काही गाड्यांत तो पेट्रोलच्या झाकणाच्या आत असतो. त्यावर पुढच्या-मागच्या चाकांचे आकडे आहेत, आणि बहुतेक वेळा दोन रकाने: दोन-तीन माणसं असताना वेगळा, गाडी भरलेली असताना वेगळा. घरचे पाचजण आणि डिकीत बॅगा घेऊन कोल्हापूरला निघताना दुसरा रकाना पाळायचा असतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. एकक बार दिसलं तर गडबडू नका, २.३ बार म्हणजे साधारण ३३ पीएसआय.

टायरच्या भिंतीवरही एक आकडा असतो, ४४ किंवा ५१ असा. तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे, भरायचा आकडा नव्हे. नवशिके तो वाचून हवा मारतात आणि मग गाडी खड्ड्यात का आपटते म्हणून शॉकॲब्सॉर्बर बदलायला निघतात.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा. गाडी किमान तीन तास उभी असली पाहिजे, किंवा फार तर दोन-एक किलोमीटर सावकाश चालवलेली. शाहूपुरीतून पोवई नाक्याजवळच्या पंपापर्यंत आलात तर चालतं. पुण्याहून आल्या आल्या मोजलात तर नाही.

थंडीतला खोटा पंक्चर

साताऱ्याच्या हवेत दिवा लागण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

टायरातली हवा गार झाली की दाब उतरतो. ढोबळ हिशेब असा की तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की एक पीएसआय जातो. आता समजा जानेवारीतल्या दुपारी तुम्ही पुण्याहून हायवेने आलात आणि वाटेतल्या पंपावर हवा मारली. टायर आतून ५० अंशांच्या पुढे तापलेला. मशिनने ३३ दाखवले, टूं वाजलं, तुम्ही निर्धास्त. दुसऱ्या दिवशी पहाटे यवतेश्वरच्या रस्त्याला निघालात, बाहेर १२ अंश. त्याच हवेचा दाब आता २७ च्या आसपास आहे. एक रेणूही बाहेर गेलेला नाही आणि दिवा पेटायच्या बेतात आलाय. त्यात महिन्याकाठी टायर एक-दोन पौंड असेच सोडतो, कारण रबरातून हवा अगदी सावकाश पाझरतेच. दोन्ही मिळून झाला दिवा सुरू. दहा वाजता ऊन लागलं, टायर तापला, दिवा विझला. संध्याकाळी टायरवाल्याला दाखवायला न्यावं तर सगळं ठाकठीक.

सकाळी लागतो आणि दुपारी जातो, तर ही केस. सकाळी थंड टायरात स्टिकरएवढी हवा भरा, विषय संपला. उन्हाळ्यात परत एकदा सकाळीच तपासा. आणि तापलेल्या टायरात दाब तीन-चार पौंड जास्त दिसला म्हणून हवा काढून टाकायची नाही. तो तसाच असायचा असतो.

घाट चढल्यामुळे दिवा लागतो असं बरेच जण सांगतात. पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वरला गेलात तर बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे गेजवर आकडा उलट पौंडभर वाढायला हवा. वर दिवा लागतो तो तिथल्या गारठ्याने. महाबळेश्वरात हवा भरून आंबेनळी घाटाने खाली पोलादपूरला उतरलात तर हिशेब उलटा होतो आणि उंचीमुळे एक-दोन पौंड कमी दिसू शकतात, पण कोकणातली उष्णता ते भरूनही काढते. थोडक्यात, घाटाला दोष देऊ नका.

स्वतःचा गेज घ्या

पंपावर हवा फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे, पण तिथलं मशिन दिवसभर आपटलेलं असतं. एका पंपावर ३३ तर दुसऱ्यावर ३० हे नेहमीचं. खिशातला साधा डिजिटल गेज किंवा गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवेचा पंप घ्या. तो एखाद-दुसरा पौंड चुकला तरी रोज सारखाच चुकेल, आणि आपल्याला बघायचाय तो फरक.

सगळ्या चाकांत स्टिकरएवढी हवा भरा आणि पुढचे पाच दिवस, सकाळी गाडी हलवायच्या आधी, चारही आकडे लिहून ठेवा. डावं पुढचं, उजवं पुढचं, डावं मागचं, उजवं मागचं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवले तरी चालेल. पाचव्या दिवशी तो कागद बोलायला लागतो.

चारही चाकं सारखीच हलली, तर हवामान. तीन जागेवर आणि एक रोज अर्धा-एक पौंड खाली, तर त्या चाकात गळती आहे, कुणी कितीही "काय नाय साहेब" म्हटलं तरी. एकच चाक, पण कधी दोन पौंड उतरलं आणि कधी काहीच नाही, असं झालं तर बहुधा खिळा आहे: गाडी उभी करताना तो जमिनीवर दाबला गेला की भोक बुजतं, वर राहिला की गळतं. आणि चारही आकडे पाच दिवस ठणठणीत असून दिवा पेटलेलाच असेल, तर गळतीचा पुढचा भाग सोडून थेट रिसेटवर जा.

गळती शोधताना

चांगला पंक्चरवाला चाक खोलायच्या आधी एक गोष्ट करतो. वॉल्व्हची टोपी काढतो, बोटाच्या टोकाला थुंकी लावतो आणि वॉल्व्हच्या तोंडावर हलकेच फिरवतो. पातळ पडदा धरतो. मग तो वाकून बघत बसतो. पडदा फुगला, फुटला, परत फुगला, म्हणजे आतली पिन सोडतेय. पिन आवळायची किंवा बदलायची, दोन मिनिटांचं काम. साध्या वाटणाऱ्या या तपासणीत कितीतरी "सेन्सर गेलेल्या" गाड्या सुटतात.

घरी करायचं तर भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी स्प्रेच्या बाटलीत भरा. हवा भरपूर असताना शोधा, उतरलेल्या टायरात बुडबुडे येत नाहीत. आधी वॉल्व्हचं तोंड, मग वॉल्व्ह रिममधून बाहेर येतो ती जागा. वॉल्व्ह बोटाने थोडा वाकवून बघा, रबर वयाने तडकलेलं असेल तर वाकवल्यावरच गळतं. मग टायरचा जमिनीला लागणारा भाग. गाडी फूटभर पुढे घेऊन खाली दडलेला भागही भिजवा. शेवटी टायर आणि रिम जिथे मिळतात ती कड, बाहेरून आणि शक्य तेवढी आतून. बारीक गळतीत मोठे बुडबुडे नसतात, पांढऱ्या फेसाचा एक ठिपका हळूहळू जमत जातो. दोन मिनिटं धीर धरा.

आपल्या भागात एक खास खिळा सापडतो. ऊसतोडणीचा हंगाम सुरू झाला की कऱ्हाडपासून सांगलीपर्यंत कारखान्याच्या रस्त्यांवर बैलगाड्यांची रांग लागते. बैलांच्या खुरांना मारलेल्या पत्र्या झिजतात, निसटतात आणि त्यांचे चपट्या डोक्याचे खिळे डांबरावर पडतात. टायरच्या खाचेत असा खिळा डोक्यापर्यंत बसला की खडा अडकल्यासारखाच दिसतो. म्हणून हंगामात खाचेतला प्रत्येक "खडा" नखाने खरवडून बघा, चकाकला तर लोखंड आहे.

सापडला तरी उपटू नका! घरच्या पक्कडीने ओढलात तर जी हवा दिवसाला पौंडभर जात होती ती दोन मिनिटांत जाईल. खडूने खूण करा, हवा भरा आणि सावकाश दुकानात जा.

दुकानात काय करून घ्यायचं? जमिनीला लागणाऱ्या भागातलं सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक दुरुस्त होतं. बाहेरून सुईने घातलेली स्ट्रिप झटपट आणि स्वस्त, रोजच्या गावातल्या वापराला बरी. पण हायवेला पळणाऱ्या गाडीला मी चाक उतरवून आतून मशरूम पॅच (भोकात बसणारा देठ असलेलं ठिगळ) मारून घ्या असंच म्हणेन. त्यात टायर आतूनही बघितला जातो. भिंतीतल्या भोकाला कुणी स्ट्रिप मारून देत असेल तर नको म्हणा, पैसे घेत नसला तरी नको म्हणा.

कडेने हवा जात असेल तर बहुतेक वेळा रिम कारण असतं. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी लोखंडी रिमची कड दबते, अलॉयवर टायर बसतो त्या जागी पांढरी पूड धरते. टायर उतरवून ती कड तारेच्या ब्रशने साफ करायची, बीड सीलर (कड हवाबंद करणारा लेप) लावून परत बसवायचा. लोखंडी रिम ठोकून सरळ होते. अलॉयला तडा असेल आणि कुणी वेल्डिंग करून देतो म्हणाला, तर ते चाक मी तरी हायवेला लावणार नाही.

टायर उतरवायच्या आधी दुकानदाराला स्पष्ट सांगा: "दादा, वॉल्व्हला सेन्सर आहे, जपून." सेन्सर वॉल्व्हच्या आतल्या टोकाला बसलेला असतो. मशिनचं पातं नेमकं तिथे दाबलं की तो कट्कन तुटतो आणि पंक्चर काढायला गेलेला माणूस नवा दिवा घेऊन घरी येतो. धातूचा वॉल्व्ह असेल तर साधी पितळी पिन किंवा लोखंडी-पितळी शोभेची टोपी घालू देऊ नका. ॲल्युमिनियममध्ये ती गंजून घट्ट बसते आणि काढताना वॉल्व्हच मोडतो. निकेलची पिन, प्लॅस्टिकची टोपी.

हवा बरोबर, तरी दिवा तसाच

आता तुमच्या गाडीत कोणती पद्धत आहे ते कळायला हवं. स्क्रीनवर प्रत्येक चाकाचा आकडा दिसत असेल तर चाकांत खरे सेन्सर आहेत. नुसताच दिवा लागतो आणि मेनूमध्ये टायर प्रेशर सेट किंवा कॅलिब्रेट असं काही सापडतं, तर बहुधा गाडी दाब मोजतच नाही. ती एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकांचे फेरे मोजते. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, जास्त फिरतं, त्यावरून ती अंदाज बांधते.

या दुसऱ्या पद्धतीत हवा भरल्यावर रिसेट करावाच लागतो. गाडी उभी, इग्निशन चालू, पुस्तिकेत दिलेलं बटण दाबून धरायचं किंवा मेनूतून निवडायचं, मग काही काळ वेगवेगळ्या वेगाने चालवायची. त्या काळात गाडी शिकत असते. इथेच सगळ्यात मोठा घोळ होतो: दिवा लागला की हवा न बघता रिसेट मारायचा. दिवा जातो खरा, पण गाडीने २६ पौंड हाच योग्य दाब म्हणून शिकून घेतलेला असतो. पुढे २० पर्यंत उतरली तरी ती गप्प. आधी थंड टायरात हवा, मगच बटण. ही पद्धत चारही टायर सारखेच उतरले तर फसू शकते. आणि एक टायर नवा, तीन झिजलेले असं असेल तर रिसेट न करता चालवल्यास विनाकारण ओरडू शकते. टायर बदलले, चाकांची अदलाबदल केली, तरी रिसेट.

खरे सेन्सर असतील तर हवा भरल्या भरल्या दिवा जाईलच असं नाही. गाडी उभी असताना सेन्सर बॅटरी वाचवायला झोपतात. वेग तासाला पंचवीस-तीसच्या वर गेला की जागे होतात. पंपावर उभं राहून "जात नाही, जात नाही" म्हणण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं चालवा. अजून एक सावधगिरी: टायर रोटेशन केल्यावर काही गाड्यांना कोणता सेन्सर कुठे गेला ते सांगावं लागतं. ते राहिलं असेल तर स्क्रीन मागच्या डाव्या चाकाकडे बोट दाखवते आणि खिळा असतो पुढच्या डाव्यात. म्हणून गेज चारही चाकांना लावायचा.

सेन्सर खरंच गेला असेल तर

सुरुवातीला मिनिटभर लुकलुक, मग स्थिर दिवा, आणि एका चाकाच्या जागी आकड्याऐवजी आडव्या रेघा. हे लक्षण सेन्सरचं. त्याची बॅटरी आत सीलबंद असते, साधारण पाच ते दहा वर्षं टिकते, आणि संपली की अख्खा सेन्सरच बदलायचा. फक्त एखाद्या ठरावीक जागी किंवा मोबाईलचा स्वस्त चार्जर लावला असतानाच लुकलुकत असेल तर आधी चार्जर काढून बघा, रेडिओच्या लहरींत अडथळा येऊनही असं होतं.

दुकानात स्कॅनर चाकाजवळ धरून प्रत्येक सेन्सरचा दाब, बॅटरी आणि आयडी वाचता येतो. हे वाचन दाखवल्याशिवाय सेन्सर बदलायला हो म्हणू नका. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा. ऑनलाइन स्वस्तात मागवणार असाल तर फ्रिक्वेन्सी बघून घ्या: आपल्याकडच्या गाड्यांचे सेन्सर साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात, अमेरिकेतले बरेचसे ३१५ वर. बसवल्यावर नव्या सेन्सरचा आयडी गाडीला शिकवावा लागतो, ते त्याच मजुरीत आहे का ते आधीच ठरवा. सात-आठ वर्षं झालेल्या गाडीला नवे टायर घालताना एक सेन्सर मेलेला निघाला, तर बाकीचे तीनही त्याच वयाचे आहेत हे लक्षात घेऊन एकदमच उरकलेलं परवडतं.

स्टेपनी, किट आणि नायट्रोजन

स्टेपनीत बहुतेक गाड्यांना सेन्सर नसतो. खरे सेन्सर असलेल्या गाडीला ती लावली की लुकलुक होणारच, मूळ चाक परत आलं की थांबते. बारीक स्टेपनी असेल तर तिचा दाब वेगळा असतो, बऱ्याचदा ६० पीएसआय. तो स्टेपनीवरच लिहिलेला असतो. २०२० मधल्या नियमबदलानंतर ट्यूबलेस टायर, हवेची ही सूचनायंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर कंपनीला स्टेपनी न देण्याची मुभा आहे. म्हणून नवी गाडी घेतलेल्यांनी डिकीचा तळ एकदा उचलून बघावा. किटमधलं चिकट द्रव वापरलंत तर टायरवाल्याला तसं सांगा. ते सेन्सरच्या भोकात जाऊन बसतं आणि पुसून काढलं नाही तर सेन्सर चुकीचं वाचतो.

नायट्रोजनबद्दल विचारणारे फार. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. बाकीचा भरून घ्यायला हरकत नाही, पण थंडीत त्याचाही दाब तितकाच उतरतो आणि खिळ्यातून तोही तसाच जातो. नायट्रोजन भरलेल्या टायरात अडीअडचणीला साधी हवा मारली तर काही बिघडत नाही. नायट्रोजनवाला नऊ वाजता उघडतो म्हणून २४ पौंडावर गाडी काढायची, हे मात्र करू नका.

जुन्या गाडीला बाहेरून टोपीसारखे सेन्सर बसवणार असाल तर बसवल्यावर प्रत्येक वॉल्व्हवर साबणाचं पाणी मारा. ती टोपी पिन सतत दाबून धरते, त्यामुळे तिचा रबरी वायसर नीट बसला नाही तर हवा तिथूनच जाते. आणि हवेचा इशारा किती पौंडावर द्यायचा तो आकडा तुमच्या स्टिकरप्रमाणे बदलून घ्या, डब्यातून आलेला तसाच ठेवू नका.